मागच्या चाकांचं कुलूप

मावशी गाडी चालवायला लागली ती नवऱ्याच्या भित्रेपणामुळे. नवरा शिंपी, सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं तेव्हा गठ्ठे पोचवायला त्याने एक जुनी व्हॅन घेतली, पहिल्याच दिवशी गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला टेकवली आणि खाली उतरून किल्ली बायकोच्या हातात दिली.

"आपलं शिलाई मशीन बरं," तो म्हणाला. "सुईपुढे कधी कुणी आडवं येत नाही."

तिच्यापुढे कुणी आडवं आलं तरी तिला काही वाटत नसे. गठ्ठे पोचवता पोचवता एकदा शाळेचा गाडीवाला आला नाही, म्हणून तिने मुलांना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशीही तो आला नाही. पुढे तो कधीच आला नाही, आणि ती मुलं सोडतच राहिली. मुलं तिला मावशी म्हणायची. मग त्यांच्या आया म्हणायला लागल्या, मग दुकानदार, आणि शेवटी मास्तरही. एकदा पाहुण्यांसमोर तो "मावशी, जरा पाणी आण" असं बोलून गेला आणि तिने त्याच्याकडे जे पाहिलं, त्यानंतर तो घरात पुन्हा "अगं"वर आला.

पुढे शाळेने मोठी बस आणली आणि मावशी घरी बसून काजं-बटणं करायला लागली. सुई हातात असायची, कान मात्र रस्त्यावरच्या इंजिनांकडे. तिने शाळेत सोडलेली एक मुलगी आता वेधशाळेच्या कचेरीत कामाला होती. तिच्याकडून निरोप आला: डोंगरावर माणसं आणि सामान पोचवायला गाडीवाला हवा आहे, मावशी येईल का. मावशीने हातातलं बटण अर्धवट ठेवलं आणि चपला घातल्या.

वेधशाळा शहराबाहेरच्या डोंगरमाथ्यावर होती. वारा, पाऊस, ढग मोजायची यंत्रं आणि ती सांभाळायला एका वेळी दोन, पाळीपाळीने बदलणारी माणसं, एवढाच तिथला संसार. त्यांच्यासाठी पाण्याचे कॅन, बॅटऱ्या, किराणा वर न्यायचा आणि पाळी संपलेल्या माणसाला खाली आणायचं. डोंगराच्या कमरेपर्यंत डांबरी सडक होती. त्यापुढे जे होतं त्याला दुसरा शब्द नाही म्हणून रस्ता म्हणायचं.

गाडी होती एक पिकअप, पुढे माणसांची जागा, मागे सामानाचा हौदा. आधीचा ड्रायव्हर गुडघे गेल्यामुळे काम सोडत होता. त्याला पैलवान म्हणत, कारण तरुणपणी तो एकदा कुस्ती हरला होता आणि त्याने ती गोष्ट इतक्यांदा सांगितली की नावच पडलं. त्याने मावशीला सगळं दाखवलं: कुठे ऑइल बघायचं, कुठलं दार आपटल्याशिवाय लागत नाही. शेवटी मावशीने स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असलेल्या एका बटणावर बोट ठेवलं. त्यावर दोन चाकं, मध्ये दांडा आणि दांड्यावर फुली, असं चित्र होतं.

"हे काय?"

"ते लॉक. मागच्या एक्सलचं. दोन्ही चाकांना एकत्र बांधतं."

"आधी बांधलेली नसतात का?"

"असतात. पण सुटी असतात."

"म्हणजे बांधलेली की सुटी?"

"दोन्ही," पैलवान म्हणाला. मग मावशीचा चेहरा बघून त्याने तिचा दंड धरला आणि आवारातल्या पाण्याच्या टाकीला वळसा घातला. "बघा. आपण जोडीने चाललोय. तुम्ही टाकीच्या बाजूला, मी बाहेर. मला जास्त चालावं लागलं की नाही? वळणावर बाहेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. म्हणून त्यांना आपापल्या चालीने फिरायची मोकळीक दिलेली असते."

हे मावशीला पटलं. "मग बांधायचं कशाला?"

"चिखलात एक चाक घसरायला लागलं ना, की इंजिनाची सगळी मेहनत त्या घसरणाऱ्यालाच जाते. दुसरं चांगलं जमिनीवर असतं, पण ते नुसतं उभं."

"म्हणजे ज्याला काम जमत नाही, त्यालाच फिरवायचं?"

"तसंच."

"हे कुणी ठरवलं?"

"ज्याने गाडी केली त्याने."

"मग त्याला कळलं नाही का?"

"कळलं म्हणून तर बटण दिलं," पैलवान म्हणाला आणि गुडघा चोळत खाली बसला. त्याचं सांगून झालं होतं.

मावशीला टाकीजवळ सगळं समजलं होतं. घरी येऊन मास्तरला सांगायला लागली, तर दुसऱ्याच वाक्याला गाडी रुतली. बाहेरचं चाक जास्त फिरतं, हे ठीक. मग घसरणारं चाक जास्त का फिरतं? ते तर बाहेरचं नसतं. मास्तरने पेन्सिलीत दोन रिळं ओवली आणि टेबलावर फिरवून बघितली. रिळं दोन्ही बाजूंना उलगडली, दोरे एकमेकांत अडकले, आणि ते सोडवण्यात त्याची संध्याकाळ गेली.

"तू ते बटण दाबूच नकोस," तो शेवटी म्हणाला.

पण दाबावं लागलंच. पावसाळी दिवस होते. वरच्या शेवटच्या चढावर, जिथे माती लोण्यासारखी झाली होती, मागचं एक चाक गरगरायला लागलं. मावशीने गाडी थांबवली, बटण दाबलं, जरा पुढे घेतली. कुठेतरी खाली टक् झालं, एक केशरी दिवा लागला आणि पिकअप मुकाट वर चढली. मावशीला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. त्याच आनंदात सामान उतरवलं, इंजिन चालूच ठेवून रिकामे कॅन चढवले आणि ती शहरात उतरली; ओल्या सडकेच्या वळणांवर गाडी जरा जड वळली, ते तिने पावसावर ढकललं.

डिझेल भरायला तिने पंपाकडे स्टिअरिंग वळवलं आणि गाडी वळली नाही.

म्हणजे वळली, पण हवी तेवढी नाही. पुढची चाकं पंपाकडे बघत होती आणि गाडी समोर चालली होती. मागून टायर किंचाळले. हवा भरणाऱ्या माणसाचं स्टूल उडालं, पाण्याचं पिंप आडवं झालं, आणि पिकअप भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. मावशीने इंजिन बंद केलं.

हवेवाला नशिबाने स्टुलावर नव्हता. तो आला, पाण्यातून चालत. "मावशी, तुम्ही स्टिअरिंग फिरवलंच नाही का?"

"फिरवलं," ती म्हणाली.

"फिरवलं असतं तर गाडी वळली नसती का?"

थोड्या वेळाने तिने गाडी सुरू केली, हळूच वळवली. गाडी लोण्यात सुरी फिरावी तशी वळली. हवेवाल्याने एकदा गाडीकडे, एकदा तिच्याकडे बघितलं आणि पिंप उभं केलं. ते बघणं तिला जास्त लागलं.

ती तशीच मिस्त्रीकडे गेली. ज्याने तिची व्हॅन इतकी वर्षं चालती ठेवली होती, तोच हा मिस्त्री. त्याने पुढची चाकं हलवून पाहिली, खाली सरपटून सगळे सांधे तपासले, चक्कर मारून आला आणि हात पुसत म्हणाला, "गाडीत काही नाही."

डॉक्टरने असं म्हटलं की माणूस सुखावतो. मावशी मात्र जास्तच धास्तावली. गाडीत काही नाही, तर मग कशात आहे? इतकी वर्षं लोकांची मुलं मांडीवर घेतल्यासारखी नेली, तेव्हा कधी असं झालं नाही. घरी जाऊन तिने दोन्ही हात समोर धरले. थरथरत नव्हते. सुईत दोरा ओवून पाहिला, गेला. मास्तरला विचारलं, "मी हल्ली काही विसरते का हो?"

"विसरतेस की. परवा मीठ विसरलीस."

हे ऐकायचं नव्हतं तिला.

तिचा थोरला भाऊ गाड्यांचे सुटे भाग विकायचा. दादाला गाडीतलं सगळं कळतं अशी घरात समजूत होती, आणि ती मुख्यतः दादाचीच होती. त्याने पूर्ण हकिकत ऐकली. बटणाचा विषय आला तेव्हा तो पुढे सरकला. "त्या लॉकचीच भानगड असणार. ते चालत्या गाडीतच दाबायचं असतं. तू थांबवून दाबलंस, म्हणून बिघडलं."

दुसऱ्या दिवशी मावशीने मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "छे. चालत्या गाडीत दाबाल तर आतल्या चक्रांचे दाते तुटतील. थांबवूनच दाबायचं."

"आणि काढायचं?"

"काढायचं काय, बटण दाबलं की निघतं."

"मग परवा मी काढलं होतं का?"

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं. "ते मला कसं माहीत असणार, मावशी?"

तिलाही माहीत नव्हतं. केशरी दिवा शेवटचा कधी दिसला होता, हे ती आठवत बसली. कधी वाटायचं, पंपावर दिवा होता. कधी वाटायचं, ते पंपाच्या फलकाचं प्रतिबिंब होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या. पैलवानाला गाठावं म्हटलं तर तो लांब मुलीकडे राहायला गेला होता, आणि फोनवर त्याला अर्धं ऐकू येईना आणि उरलेलं तो कुस्तीवर नेई. मावशीने मनाशी ठरवलं: महिनाअखेरीला सांगून टाकायचं, दुसरा माणूस बघा. तोवर बटणाला हात लावायचा नाही.

महिना संपायच्या आत तो दिवस आला.

सकाळी सामान घेऊन ती वर पोचली तेव्हा ढग इतके खाली आले होते की वाऱ्याचं यंत्र नुसतं ऐकू येत होतं. दारात तिथल्या मॅडम बसल्या होत्या. मॅडम म्हणजे मावशीला मुलगी शोभावी अशा वयाची बाई, ढगांवर शिकलेली, एरवी गाडीतून उतरताना उडी मारणारी. आज दोन्ही हात पोटावर आवळून वाकल्या होत्या. त्यांचे सहकारी फोनवरून डॉक्टरशी बोलत होते.

"अपेंडिक्स असावं म्हणतात," ते मावशीला म्हणाले. "वेळ घालवू नका म्हणाले. यंत्रं सोडून मला येता येत नाही. मावशी, तुम्ही न्याल ना?"

दुसरं होतंच कोण? मावशीने सामान तिथेच उतरवलं, मॅडमना शेजारी बसवलं, पाठीमागे पोतं दुमडून ठेवलं आणि निघाली.

उतारावर गाडी अडकत नाही, असा कुणाचाही समज असेल. पण हा रस्ता अर्ध्यावर ओढ्यात उतरतो आणि पलीकडे पुन्हा थोडा चढतो. मावशी सकाळी आली तेव्हा तिथे पाणी कमी होतं. आता चढाची डावी कड वाहून जाऊन मोठी चर पडली होती. ढगात ती तिला दिसली नाही. पुढची चाकं वर गेली, मागचं डावं चाक चरीवर आलं आणि गाडी एका अंगाला कलली. तिने ॲक्सिलेटर दिला. मागे काहीतरी घूंऽऽ करून फिरलं. गाडी जागची हलली नाही.

"काय झालं, मावशी?"

"काही नाही. चाक जरा फिरतंय."

"तुम्हाला माहीत आहे ना काय करायचं?"

"हो," मावशी म्हणाली. आयुष्यात ती इतक्या सरळ आवाजात कधी खोटं बोलली नव्हती.

ती उतरून मागे गेली. डावं चाक हवेत लोंबत होतं. उजवं चांगलं पक्क्या खडकावर होतं, कोरडं, काहीही न करता. पैलवान म्हणाला होता ते हेच. तिने चरीत दगड टाकले. पाण्याने ते नेले. मग ती येऊन बसली आणि बटणाकडे बघत राहिली.

दादा म्हणतो चालत्या गाडीत. मिस्त्री म्हणतो थांबवून. मास्तर म्हणतो दाबूच नकोस. शेजारी मॅडम दात आवळून कण्हत होत्या. मावशीने गाडी थांबलेली असताना बटण दाबलं.

केशरी दिवा लागला, विझला, लागला, विझला. मिचकावत राहिला.

याबद्दल कुणीच काही बोललं नव्हतं. मिचकावतोय म्हणजे लागलंय की लागायचंय? की हे बिघडल्याचं लक्षण? तिने पुन्हा दाबलं. दिवा गेला. आता निघालं, की मुळात लागलंच नव्हतं? तिने परत दाबलं. परत मिचकावायला लागला.

"लाल आहे का तो?" मॅडमनी डोळे न उघडता विचारलं.

"केशरी."

"मग ठीक असेल."

"कशावरून?"

"माहीत नाही, मावशी. सगळ्या यंत्रांत असंच असतं."

त्यातल्या त्यात तेवढाच धीर. मावशीने पहिला गिअर टाकला. जोर द्यायचा नाही, एवढं तिने ठरवलं. दाते तुटतील म्हणाला होता मिस्त्री. तिने क्लच इतका हळू सोडला, की जणू झोपलेल्या मुलाच्या अंगावरचं पांघरूण काढतेय. मागचं लोंबतं चाक आळसटून जरा फिरलं, आणि खाली टक् झालं. ऐकू येण्यापेक्षा ते पायालाच जास्त जाणवलं. दिवा स्थिर झाला.

उजव्या चाकाने खडक धरला. गाडी एकदा कुरकुरली, डावं अंग वर उचललं गेलं आणि दोघी चढावर आल्या. मावशीला आनंद झाला नाही. काय केल्याने हे झालं तेच तिला उमजत नव्हतं. थांबवून दाबलं होतं. पण लागलं चालताना. म्हणजे दादा बरोबर की मिस्त्री?

विचार करायला वेळ नव्हता. डांबरी सडक लागली, आणि लगेच पहिलं वळण. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला ढग, म्हणजे ढगाखाली दरी. मावशीने स्टिअरिंग फिरवलं आणि तिच्या हातांना ते आधी कळलं. तोच जडपणा. पुढची चाकं वळलेली आणि गाडी समोर ढकलली जातेय, मागून टायर घासतायत. तिने ब्रेक दाबला. ढगाच्या अलीकडे गाडी उभी राहिली.

ती दिव्याकडे बघत बसली. केशरी, स्थिर.

पंपावरही हा होता. आता तिला लख्ख आठवलं, की आठवल्यासारखं वाटलं. हात बिघडले नव्हते, डोकं बिघडलं नव्हतं. दोन्ही चाकं बांधलेली होती आणि ती त्यांना वळायला सांगत होती. टाकीभोवती चालताना बाहेरच्याला जास्त चालू दिलं नाही तर काय होणार? डोळ्यांत पाणी आलं तिच्या. पण मॅडम शेजारी होत्या, म्हणून तिने नाक ओढलं आणि बटण दाबलं.

दिवा गेला नाही.

"आता काय?" मॅडम पुटपुटल्या.

"आता ते निघत नाहीये."

"काय निघत नाहीये?"

"ते मला नीट सांगता यायचं नाही," मावशी म्हणाली. यावेळी खरं बोलली.

तिने आणखी एकदा दाबायला बोट उचललं आणि मागे घेतलं. पुन्हा दाबलं तर परत लागायचं. पुढे जायला जागाच नव्हती. म्हणून तिने गाडी मागे घेतली, इंचाइंचाने, स्टिअरिंग सरळ करत. मागे जाता जाता खाली काहीतरी सुटल्यासारखं झालं. घट्ट बसलेली गाठ सैल व्हावी तसं. दिवा विझला. मावशीने स्टिअरिंग फिरवलं, आणि पिकअप शाळेतल्या शहाण्या मुलासारखी वळली.

दवाखान्यात स्ट्रेचर आलं, मॅडम आत गेल्या आणि मावशी बाकावर बसली. कपडे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले होते. बऱ्याच वेळाने एक नर्स येऊन सांगून गेली, की ऑपरेशन नीट झालं, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मावशीने मान डोलावली. तिच्या डोक्यात अजून दिवाच मिचकावत होता.

चार दिवसांनी ती भेटायला गेली तेव्हा मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मावशी, कचेरीतले विचारत होते, तुम्ही गाडी कशी काढलीत. मी सांगितलं, त्यांना सगळं माहीत होतं. अगदी शांत होत्या."

मावशी ओशाळली. "मला काही माहीत नव्हतं हो. तुम्ही विचारलं तेव्हा मी थाप मारली."

मॅडम हसायला गेल्या आणि टाक्यांवर हात ठेवून थांबल्या. "बरं झालं मारलीत," त्या म्हणाल्या. "मला तेव्हा कुणीतरी माहीत असलेलं हवं होतं."

महिनाअखेर आली आणि मावशीने कचेरीत काहीच सांगितलं नाही. त्याऐवजी ती पिकअप घेऊन मिस्त्रीकडे गेली.

"मला ते आत काय होतं ते दाखव," ती म्हणाली.

"आतलं उघडायचं म्हणजे दिवस जाईल, मावशी."

"मग बाहेरून दाखव."

मिस्त्रीने मागच्या एक्सलखाली दोन्ही बाजूंनी जॅक लावले, गाडी उचलली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि गिअर टाकून ठेवला. "आता हे चाक हाताने फिरवा."

मावशीने डावं चाक धरून पुढे फिरवलं. ते फिरलं. तिने वाकून गाडीखालून पलीकडे बघितलं. उजवं चाकही फिरत होतं, पण उलटं.

ती बघतच राहिली. तिने पुन्हा पुढे फिरवलं, ते मागे गेलं. मागे फिरवलं, ते पुढे आलं.

"हे उलटं का फिरतंय?"

"तसंच असतं ते."

"पण पैलवान तर म्हणाला होता, एक जास्त फिरतं, एक कमी. उलटं फिरतं असं नव्हता म्हणाला."

मिस्त्रीने डोकं खाजवलं. सांगायला तोंड उघडलं, हातांनी हवेत एक दातेरी चक्र काढलं, त्याला टेकलेलं दुसरं काढलं, तिसरं कुठे काढावं ते त्याला सुचेना आणि त्याने हात खाली घेतले. "बटण दाबलं की बघा," तो म्हणाला आणि त्याने केबिनमध्ये जाऊन किल्ली फिरवली, लॉक लावलं. मावशीने चाक जरा हलवताच टक् झालं, आणि मग कितीही जोर लावला तरी चाक हलेना. पलीकडचंही हलेना.

"आणि आता काढ," ती म्हणाली.

त्याने नुसती किल्ली बंद केली; तेवढ्यानेही ते सुटतं, म्हणाला, आणि मावशीला पंपावर बंद करून पुन्हा सुरू केलेलं इंजिन आठवलं. तिने फिरवलं. पलीकडचं पुन्हा उलटं.

मिस्त्रीचं दुसरं गिऱ्हाईक दारात येऊन उभं होतं. त्याने चुळबुळ केली, खाकरून पाहिलं. मावशी गाडीखाली वाकून बसली होती, एक हात चाकावर, मान तिरकी, जणू पलीकडच्या चाकाला ती काही विचारते आहे.

"झालं का, मावशी?" मिस्त्री म्हणाला. "कळलं?"

"थांब जरा," ती म्हणाली आणि तिने चाक पुन्हा फिरवलं.